रांगेतले आठ जण

पोलीस ठाण्यात त्याला सगळे जुळारी म्हणत. जुळारी म्हणजे कारखान्यातला फिटर, आणि हा तर हवालदार. पाना-पक्कड त्याने जन्मात हातात धरली नव्हती, आणि घरातला नळ गळायला लागला की त्याची बायको शेजाऱ्याला हाक मारायची. पण माणसाशी माणूस जुळवण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या दहा ठाण्यांत नव्हता, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. पुढे पुढे तर वरून येणाऱ्या फोनवरही ‘जरा जुळाऱ्याला द्या’ असंच म्हणायचे.

त्याचं काम ओळख परेडीचं. परेड म्हणजे काही मोठा देखावा नसतो. कोणीतरी गुन्हा होताना पाहिलेलं असतं, पोलिसांनी कोणाला तरी धरलेलं असतं. धरलेला तोच का, हे पाहायला त्याला आठ निरपराध माणसांबरोबर एका रांगेत उभं करतात आणि साक्षीदाराला म्हणतात, यातला कोण ते दाखवा. या आठ जणांना डमी म्हणतात. डमी संशयितासारखे दिसले पाहिजेत, नाहीतर सगळा खेळखंडोबा. आडव्या अंगाच्या माणसाशेजारी आठ काटक्या उभ्या केल्या तर साक्षीदार कशाला, वाटेने जाणारा माणूसही आडव्याकडेच बोट दाखवील. बऱ्याच ठिकाणी होतं ते असंच. रस्त्यावर हाताला लागतील ते पहिले आठ आणायचे आणि दुपारी जेवायला मोकळं व्हायचं.

जुळाऱ्याला ते जमत नसे. तो संशयिताला आधी तासभर नुसता बघत बसे. उंची, रंग, मिशीची ठेवण, खांदे उतरते की चौकोनी, उभं राहताना भार कोणत्या पायावर. मग सायकल काढून गावभर हिंडे. बस डेपो, सिनेमाची रांग, सरकारी इस्पितळाचा व्हरांडा, वीटभट्टी. एकदा एक तिरळा माणूस पकडला होता. ठाण्यातले हसत होते की आता बघू याची हुशारी. तिसऱ्या दिवशी जुळारी आठ तिरळे घेऊन आला, आणि कोण नक्की कोणाकडे बघतंय ते परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळेना. दुसऱ्या एका वेळी तर संशयिताचा सख्खा भाऊ जेवणाचा डबा घेऊन आला आणि भलत्याच्याच हातात देऊन गेला. ही गोष्ट ठाण्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगितली जाई, आणि जुळारी शेजारी बसून ‘काहीतरीच तुमचं’ म्हणत पूर्ण ऐके.

“आठ जुळे शोधून आणता, आणि स्वतःचा चष्मा कपाळावर असतो तो दिसत नाही,” बायको म्हणायची. तिचं बोलणं असंच, पण खोटं नसायचं.

त्याची एक साधी समजूत होती. आपण रांग नीट लावली तर निरपराध माणूस सुटतो. बाकी पुढे वकील, न्यायाधीश, काय घालायचा तो गोंधळ घालोत. आपल्या हातात रांग आहे. या समजुतीवर त्याने तीस वर्षं काढली, आणि ती वाईट समजूत नव्हती.

मग गुडघा गेला. आधी उजवा, मग त्याच्या सोबतीला डावा. सायकल सुटली. ठाण्याच्या मागे धान्यबाजाराचा ट्रकतळ होता, तिथे पाऊणशे हमाल दोन गाड्यांच्या मध्ये पाय पसरून बसलेले असत. सगळ्या उंच्या, सगळे रंग, सगळ्या मिश्या. आंधळा मागतो एक डोळा, तसे जुळाऱ्याला दोन मिळाले. तेव्हापासून सहा वर्षं तो डमी तिथूनच आणत होता. उंची-रंगात तडजोड त्याने तेव्हाही केली नाही, फक्त चालायचं अंतर कमी केलं. स्वतःशी तो असंच म्हणे.

हमालांना त्याने चांगलं तयार केलं होतं. रांगेत हसायचं नाही. बुटांकडे बघायचं नाही. संशयिताकडे तिरक्या नजरेने तर मुळीच बघायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: समोर कोणीही येवो, ओळख दाखवायची नाही. “तुझा बाप जरी साक्षीदार म्हणून आला, तरी पापणी हलवायची नाही,” तो म्हणायचा. हमाल मान डोलवायचे. त्यांच्यातला लंबू नावाचा एक उंचापुरा गडी तर इतका तरबेज झाला होता की बारा परेडींत उभा राहिला आणि बारा वेळा भिंतीला टेकवलेल्या शिडीइतकाच बोलला.

मग ते रखवालदाराचं प्रकरण आलं.

बाजारापलीकडच्या एका गोदामाचा म्हातारा रखवालदार संध्याकाळी जिन्याखाली मरून पडलेला सापडला. कोणीतरी ढकललं होतं. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या एका बाईने कामावरून घरी येताना, गोदामाच्या जिन्याच्या झरोक्यातून, एका माणसाला खाली धावत जाताना पाहिलं होतं. दोन दिवसांनी पोलिसांनी एका रंगाऱ्याला धरलं. तो त्या आठवड्यात गोदामाच्या खिडक्या रंगवत होता आणि ओल्या रंगाला कोणी हात लावला म्हणून रखवालदाराशी त्याची चांगलीच जुंपली होती. भांडण दहा जणांनी ऐकलं होतं. रंगारी म्हणत होता, भांडलो ते खरं, पण त्या संध्याकाळी मी घरी झोपलो होतो. घरी त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. बायको वारलेली, बहीण दुसऱ्या गावी. म्हणजे सगळं त्या परेडीवर येऊन ठेपलं.

जुळाऱ्याने त्याला नेहमीसारखं तासभर पाहिलं. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, सावळा, जाड मिशीचा माणूस. आणि नखांत निळा रंग. घासून जात नव्हता, मुरलेला होता. आता साक्षीदाराला माहीत होतं की गोदामात रंगकाम चालू होतं. नऊ जणांत एकाचीच नखं निळी दिसली तर चेहरा कोण बघणार? जुळारी लंगडत कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, निळ्या रंगाचा लहानात लहान डबा आणला, आणि आठही हमालांना बाकावर बसवून त्यांच्या नखांत काडीने रंग भरला. हमाल नव्या नवरीसारखे हात पुढे करून बसले होते आणि एकमेकांना चिडवत होते. रंगारी कोठडीच्या गजांतून हे सगळं बघत होता.

“हे माझ्यासाठी करताय?” त्याने विचारलं.

“कोणासाठी नाही,” जुळारी म्हणाला. “कामासाठी.”

“तरी पण. असं कोणी करत नाही.”

जुळाऱ्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं. मग त्याने परेडीचा कागद भरायला घेतला. साक्षीदार बाईच्या नावापुढे घरचा पत्ता होता आणि व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द, ‘नोकरी’. कुठे नोकरी, कसली नोकरी, हे लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं आणि जुळाऱ्याने विचारलं नाही. सगळ्यात खाली छापील ओळ होती: डमींपैकी कोणीही साक्षीदाराच्या परिचयाचे नाहीत. त्याखाली त्याने सही केली. ती सही तो नेहमी आधीच करत असे, म्हणजे नंतर धावपळ नको.

रंगाऱ्याने रांगेतली चौथी जागा निवडली. बाई आत आली. मध्यम वयाची, हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर कामाचा थकवा. रांगेवरून नजर एकदा गेली, आणि बोट चौथ्यावर. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने घड्याळ बघून नोंद केली, चार सेकंद.

“काका, चार सेकंद!” ठाण्याचे साहेब म्हणाले. साहेब वयाने जुळाऱ्याच्या मुलासारखे, पण हुशार आणि कामाला वाघ. “तुम्ही आठ आरसे उभे केलेत, आणि तरी चार सेकंद. याला म्हणतात पुरावा.” जुळाऱ्यालाही ते पटलं. इतक्या जुळत्या माणसांतून जर बाईने इतक्या झटकन निवडला, तर तो तोच. रंगारी मात्र खाली बसला होता आणि स्वतःच्याच तळव्यांकडे बघत होता.

तीन महिन्यांनी खटला उभा राहिला. जुळाऱ्याच्या साक्षीला सोळा दिवस उरले होते तेव्हा त्याचा गुडघा टम्म सुजला. ठाण्याच्या डॉक्टरची रजा होती. कोणीतरी सांगितलं, बाजाराच्या मागच्या गल्लीत कामगारांचा दवाखाना आहे, तिथे पट्टी बांधून देतात. तो गेला. बाकावर सगळे हमाल. कोणाची पाठ, कोणाची मान. आणि नंबराच्या खिडकीत ती बाई.

“काय रे, परत पाठ? तुला सांगितलं होतं ना, चार दिवस पोतं उचलायचं नाही म्हणून,” ती एकाला म्हणत होती. तो हमाल परेडीत दुसरा उभा होता. त्याच्यामागचा सातवा होता. लंबू भिंतीशी उभा होता, तिने त्याला नाव न विचारताच चिठ्ठी दिली.

गुडघा दुखतोय हे जुळारी विसरला. त्याने लंबूच्या दंडाला धरून त्याला बाहेर नळाशी आणलं.

“ही बाई तुला ओळखते?”

“अहो काका, ही कोणाला नाही ओळखत? अकरा वर्षं झाली तिला इथं. आम्ही सगळे हिच्याकडूनच तर नंबर घेतो.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस? आठातला एकजण तरी बोलला का नाही?”

लंबू गोंधळला. “तुम्हीच तर सांगितलंय ना, ओळख दाखवायची नाही म्हणून. तिनं पण नाही दाखवली. आम्हाला वाटलं, तिलाही तुम्ही तसंच सांगितलंय.”

खटला चालू असताना साक्षीदाराशी बोलायचं नसतं, हे जुळाऱ्याला पोलिसात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तो तरी खिडकीपाशी गेला. गर्दी ओसरेपर्यंत थांबला. तिने त्याला ओळखलं, खुर्ची दिली, गुडघ्याची चौकशी केली. साधी, कष्टाळू बाई, कोणाचं वाईट चिंतणारी नव्हे.

“ताई, त्या दिवशी रांगेत,” तो म्हणाला, “तुम्ही लगेच ओळखलंत.”

“लगेचच. मला तर आश्चर्यच वाटलं. मी घाबरत घाबरत आले होते की इतक्या माणसांतून कसं सांगणार. आणि बघते तर काय, बाकीचे सगळे आपलेच! रोजचे! मग उरला तो एकटाच. मी म्हटलं, पोलिसांनी बाईमाणसासाठी सोपं करून दिलं.”

“पण चेहरा? जिन्यातला?”

“चेहरा कुठला हो, संध्याकाळची वेळ, अंधार तो केवढा. अंगकाठी तशीच होती. खांदे असे रुंद.” तिने हातांनी दाखवलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. “का हो? तोच आहे ना?”

“तोच असेल,” जुळारी म्हणाला आणि पट्टी न बांधताच निघाला.

दाराला तीन कुलपं लावावीत आणि खिडकी सताड उघडी ठेवावी, तसं झालं होतं. नखं रंगवली. मिश्या जुळवल्या. आणि जे विचारायला एक वाक्य पुरलं असतं ते विचारलं नाही. रंगाऱ्याने खून केला नाही, असं काही त्यामुळे ठरत नव्हतं. केला असेल, नसेलही. पण त्याच्यावर जे एकमेव बोट उठलं होतं, त्या बोटाला आता काही अर्थ उरला नव्हता, आणि हे सगळ्या जगात फक्त जुळाऱ्याला माहीत होतं.

तो साहेबांकडे गेला. साहेबांनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“काका, सही केलीत त्या दिवशी तुम्हाला हे माहीत होतं?”

“नाही.”

“मग खोटं काय लिहिलंत? काहीच नाही. कोर्टात विचारतील, तुमच्या माहितीप्रमाणे डमी ओळखीचे होते का. त्या दिवसाच्या माहितीप्रमाणे उत्तर काय? नाही. यात खोटं कुठे आहे ते मला दाखवा.”

“पण साहेब, आता माहीत आहे ना.”

“आता तुम्हाला खूप काही माहीत आहे. सहा वर्षांतल्या सगळ्या परेडी त्याच ट्रकतळावरच्या माणसांच्या, हे माहीत आहे. एक धागा ओढलात की अख्खा स्वेटर उसवतो. त्यांत खरे खुनी आहेत, तुम्हीच रांगेत उभे केलेले. ते सुटतील. आणि बाहेर बाकावर ती म्हातारी बसलीय, रखवालदाराची बायको. रोज येते, काही मागत नाही, नुसती बसते. तिला जाऊन सांगाल, की आता तुझ्या नवऱ्याच्या खुनाला कोणीच नाही?” साहेबांनी समोरची फाईल मिटली. “झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. तुमची आठ महिने नोकरी राहिलीय. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. विचारतील तेवढंच सांगा. साक्षीदाराचं काम तेवढंच असतं.”

म्हातारी खरंच बाकावर होती. जुळारी तिच्यासमोरून गेला तेव्हा तिने त्याला नमस्कार केला.

घरी बायकोने दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडातून सगळं काढलंच. ती भाजी निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले.

“अहो, चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची का? सांगून टाका आणि मोकळे व्हा.”

“तो संन्यासी आहे की चोर आहे, हेच तर माहीत नाही.”

“मग ते तुम्ही ठरवायचं का? तुम्हाला जे माहीत आहे ते सांगा, बाकीचं ज्याचं त्याला ठरवू द्या.”

“विचारलं तर सांगणारच आहे की. सरळ सांगणार. मला काय भीती आहे?”

“आणि नाही विचारलं तर?”

जुळाऱ्याने वर्तमानपत्र उघडलं. बायकोने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि परत भाजी निवडायला घेतली. नंतर तिने तो विषय काढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

विचारलं तर सांगेन. सोळा दिवस तो हे एकच वाक्य धरून होता. आंघोळ करताना, जेवताना, कुशीवर वळताना. आणि त्याची खात्री होती की विचारतीलच. कोणताही वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. माणूस असा असतो बघा: आपल्या हातातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात नेऊन ठेवतो आणि मग म्हणतो, मी तयारच होतो.

रंगाऱ्याचा वकील सरकारने दिलेला होता. त्या दिवशी त्याच्या काखेत सात खटल्यांच्या फायली होत्या. त्याने जुळाऱ्याला उंच्या विचारल्या. मिश्या विचारल्या. कपडे सारखे होते का ते विचारलं. नखांचं विचारलं, आणि जुळाऱ्याने रंगाच्या डब्याची गोष्ट सांगितली तेव्हा न्यायाधीशांनीसुद्धा लिहिता लिहिता वर पाहिलं आणि म्हणाले, “हे वाखाणण्यासारखं आहे.” वकिलाने कागद उलटले. जुळारी पिंजऱ्याचा लाकडी कठडा धरून उभा होता. आता विचारील. आता.

“आणखी प्रश्न नाहीत,” वकील म्हणाला.

न्यायाधीश दयाळू होते. वकिलाची घाई त्यांना दिसली असावी. त्यांनी रंगाऱ्याकडे पाहून विचारलं, “तुला स्वतःला या साक्षीदाराला काही विचारायचं आहे?”

रंगारी उठला. तीन महिन्यांत त्याचे खांदे उतरले होते. त्याने जुळाऱ्याकडे नीट पाहिलं.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “या काकांनी माणसं चांगली आणली होती. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांच्या कामात खोट नाही. मला काही विचारायचं नाही.”

त्या क्षणी बोलायचं होतं. जुळाऱ्याला ते कळलं, अगदी स्पष्ट कळलं. घशापर्यंत आलंही. पण पट्टेवाला म्हणाला, “चला, उतरा,” आणि इतकी वर्षं ‘उतरा’ म्हटलं की उतरायची सवय. तो गुडघा सांभाळत तीन पायऱ्या उतरला आणि खाली आल्यावर त्याला वाटलं, आता वकिलाला गाठून सांगू. व्हरांड्यात वकील पुढच्या खोलीकडे धावत होता. “काय काका, काही राहिलं का?” त्याने मागे वळून विचारलं. “नाही, काही नाही,” जुळारी म्हणाला. आपण हे का म्हणालो, ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही.

निकाल महिनाभराने लागला. जन्मठेप. न्यायाधीशांनी निकालपत्रात परेडीचा उल्लेख दोन ठिकाणी केला होता: अत्यंत काळजीपूर्वक घेतलेली, संशयाला जागा न ठेवणारी. रखवालदाराची बायको तोंडाला पदर लावून रडली. ती का रडते आहे ते तिला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. नवरा काही परत आला नव्हता.

जुळारी कोर्टाच्या मागच्या अंगणात उभा होता. त्याला तिथे काही काम नव्हतं. रंगाऱ्याला गाडीत घालायला आणलं, पण गाडीचा ड्रायव्हर चहाला गेला होता, म्हणून शिपायांनी त्याला बाकावर बसवलं. त्याने जुळाऱ्याला पाहिलं आणि हाक मारली.

“काका, एक विचारू का?”

जुळारी जवळ गेला.

“तुम्ही इतकी वर्षं चेहरे बघताय म्हणून विचारतो. त्या बाईने मलाच का दाखवलं हो? तिची माझी दुश्मनी नाही. बाई खोटं बोलणारी वाटली नाही. माझ्यासारखे आठ उभे होते, आणि तिने बघितलं काय, बोट केलं काय. मी तेच घोकत बसतो. कोठडीत आरसा नाही, तर पाण्याच्या बादलीत बघतो. काय आहे माझ्या तोंडावर?” त्याचा आवाज खाली आला. “कधी कधी वाटतं, मीच केलं असेल आणि मला आठवत नसेल.”

जुळारी बाकाच्या कडेवर बसला.

“तुझ्या तोंडावर काही नाही,” तो म्हणाला. “बाकीचे आठही तिच्या ओळखीचे होते. ती दवाखान्यात काम करते, ते तिथे रोज जातात. अनोळखी तू एकटाच होतास. म्हणून.”

शिपाई बघत राहिले. रंगाऱ्याने दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत पुसला.

“म्हणजे चेहऱ्याचं काही नाही.”

“काही नाही.”

“तुम्हाला हे कधी कळलं?”

खोटं बोलायला जागा होती. आज सकाळी, म्हणता आलं असतं. काल, म्हणता आलं असतं.

“साक्षीच्या सोळा दिवस आधी,” जुळारी म्हणाला. आणि पुढे म्हणाला, “मला कोणी विचारलं नाही रे.”

हे बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली. रंगाऱ्याने मात्र सावकाश मान हलवली.

“हो,” तो म्हणाला. “विचारायला मला सांगितलं होतं. मीच नाही विचारलं.”

ड्रायव्हर आला. शिपायांनी रंगाऱ्याला उठवलं, गाडीचं दार लागलं, गाडी फाटकातून बाहेर पडली.

जुळारी जिना चढून कोर्टाच्या कारकुनाकडे गेला आणि म्हणाला, मला लिहून द्यायचं आहे. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. अपिलात जाईल, म्हणाला, दोन वर्षं तरी लागतील, जास्तच. मग पेन उचलून आवाज जरा खाली आणून म्हणाला, “कळल्याची तारीख आजची टाकतो. उगाच तुमच्या गळ्याशी नको.”

“नाही,” जुळारी म्हणाला. “खरी टाका.”

त्याने तारीख सांगितली. कारकुनाने समोरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून ती शोधली, मग त्याच बोटाने पुढे सरकत साक्षीचा दिवस गाठला, आणि लिहायला सुरुवात केली.